जीपगाडीची वंशावळ आणि गळती



यंत्राचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तो शोधकाच्या नावापासून सुरू करावयाचा आणि कारखान्याच्या दारापाशी संपवावयाचा, अशी आपली जुनी खोड आहे. आगगाडी म्हणजे स्टीफन्सन, छापखाना म्हणजे गुटेनबर्ग, की संपला धडा! परंतु यंत्र कारखान्यातून बाहेर पडल्यावर जे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य कंठते, ज्यांच्या हातून ते पुनःपुन्हा उघडले जाते, ज्यांच्या अंगणात ते गळते, त्या आयुष्याची नोंद बहुधा कोणी ठेवीत नाही. जीप या वाहनाच्या बाबतीत ही उणीव फारच जाणवते. जीपचा जन्म घाईत झाला, तिने युद्ध घाईत जिंकून दिले, आणि त्यानंतरची सारी वर्षे ती आपल्यासारख्यांच्या दारात तेल गाळीत उभी राहिली. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासात सांगितल्या पाहिजेत असे मला वाटते, कारण दुसरीचे मूळ पहिलीत आहे.

१९४० च्या जुलै महिन्यात, फ्रान्सचा पाडाव होऊन जेमतेम काही आठवडे उलटले असताना, अमेरिकेच्या सैन्यखात्याने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली. एक लहान, हलकी, चारही चाकांना गती मिळणारी गाडी हवी. वजन १३०० पौंडांच्या आत. आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हजर झाला पाहिजे! मोठमोठ्या कारखानदारांनी या पत्राकडे पाहिलेही नाही. उत्तर आले ते दोघांचेच. त्यांपैकी ४९ दिवसांची अट मान्य केली ती पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावच्या अमेरिकन बँटम नावाच्या, जवळजवळ दिवाळे निघालेल्या कंपनीने. तिच्याजवळ पुरेसे अभियंतेसुद्धा नव्हते. कार्ल प्रॉब्स्ट नावाचा एक स्वतंत्र अभियंता डेट्रॉइटहून बोलावून आणण्यात आला. तो १७ जुलैला कामास बसला आणि दोन दिवसांत त्याने गाडीचा आराखडा कागदावर उतरविला. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपण्यास अर्धा तास उरला असताना, ती गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर पोहोचली. वजनाची अट अर्थातच पाळली गेली नव्हती. ती अट कागदावरच शक्य होती, हे पुढे सैन्यालाही कबूल करावे लागले आणि मर्यादा २१६० पौंडांवर नेण्यात आली.

यापुढचा भाग मात्र फारसा शोभादायक नाही. एवढ्या लहान कंपनीच्या हातून लाखो गाड्या कशा निघणार, या शंकेने सैन्याने बँटमचे आराखडे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांच्या हाती दिले. विलिसजवळ बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले एक चांगले इंजिन होते. मूळच्या ४८ अश्वशक्तीवरून त्याने ते ६० पर्यंत नेले होते. मात्र गाडी जड होती. तेव्हा रूसने ती सुटी सुटी करून तिचा प्रत्येक भाग तोलून पाहिला, बोल्टांची फाजील लांबी कापविली, रंगाच्या थराचेसुद्धा वजन हिशेबात धरले, आणि गाडी मर्यादेत बसविली. १९४१ च्या जुलैमध्ये १६,००० गाड्यांचे काम विलिसला मिळाले. मागणी इतकी वाढली की पुढे फोर्डलाही त्याच नमुन्याच्या गाड्या बनवावयास लावले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या. जिने पहिली गाडी घडविली त्या बँटमच्या वाट्याला अडीच हजारांवर काही गाड्या आणि पुढे जीपच्या मागे जोडावयाच्या लहान गाड्यांचे काम तेवढे आले. शाळामास्तराला हा प्रकार ओळखीचा वाटतो. एकाने गणित सोडवावे, आणि शेजाऱ्याने ते सुवाच्य अक्षरात उतरवून पहिला क्रमांक पटकवावा! १९४८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘जीप आम्हीच निर्माण केली’ असे म्हणण्यास विलिसला मनाई केली, हे खरे. पण दोनच वर्षांनी ‘जीप’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून विलिसच्याच नावावर नोंदले गेले.

नावाविषयी अनेक कथा आहेत. सरकारी आद्याक्षरांच्या उच्चारावरून ते पडले असे काही सांगतात. पॉपाय खलाशाच्या चित्रमालिकेत १९३६ साली अवतरलेल्या, कोठेही सहज जाऊ शकणाऱ्या ‘जीप’ नावाच्या अद्भुत प्राण्यावरून ते आले असे दुसरे म्हणतात. मला दुसरी कथा अधिक आवडते, एवढेच.

आता या गाडीच्या घडणीकडे पाहावे. लांबी सुमारे अकरा फूट, पुढच्या-मागच्या आसांतील अंतर ८० इंच, दार नाही, छप्पर म्हणजे ताडपत्री, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते, पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली. सैन्याला एका जीपकडून दीर्घायुष्याची अपेक्षा नव्हतीच. रणभूमीवर तिने काही महिने टिकावे, बिघडली तर उघड्यावर दोन पान्यांनी दुरुस्त व्हावी, आणि अगदीच मोडली तर तिचे भाग दुसरीला उपयोगी पडावेत, असा तो हिशेब होता. १९४४ साली अमेरिकन सैन्याने चालकांसाठी जी पुस्तिका काढली तीत गाडी काढण्यापूर्वी, थांब्यावर, आणि परत आल्यावर खाली वाकून तेल, पाणी, पेट्रोल कोठे गळते आहे का ते पाहावे असे बजावलेले आहे. घोडदळातील शिपाई जसा दिवसातून अनेकदा घोड्याचे खूर पाहतो, तसेच हे. जी गाडी सदैव पाहणाऱ्याच्या भरवशावर बांधली गेली, ती पुढे न पाहणाऱ्यांच्या हाती पडली.

हिंदुस्थानात जीप आली ती ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे. ब्रह्मदेशात तिला रबरी चाकांऐवजी लोहमार्गाची चाके बसवून तिच्याकडून मालडबे ओढवून घेतल्याचीही नोंद आहे. युद्ध संपल्यावर सैन्याचे उरलेले सामान विक्रीस निघाले, आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठीत त्या वेळी जो शिरला तो कायमचाच. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचे कांबळे, डिस्पोजलची जीप! मळेवाले, ठेकेदार, लहानसहान संस्थानिक, मिशनची इस्पितळे, सर्वांनी ती घेतली.

जुन्या जीपने स्वतंत्र भारताच्या सरकारलाही पहिला मोठा ठसका लावला, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. १९४८ साली सैन्याला गाड्यांची निकड होती. तेव्हा लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूस ठेवून एका परदेशी पेढीशी जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. पैशाचा मोठा भाग आगाऊ दिला गेला. प्रत्यक्षात आल्या त्या १५५ गाड्या, आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या नाहीत असा निर्वाळा मिळाला. लोकसभेत या प्रकरणावर पुष्कळ वादळ झाले. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरते हे प्रकरण मिटले असल्याचे जाहीर केले, आणि १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. यात अपहार होता की केवळ घाई होती, याविषयी मते भिन्न आहेत. पण जुनी गाडी न पाहता, कागदावर घेणाऱ्याचे काय होते, याचा एवढा मोठा दाखला दुसरा नसेल. खेड्यातला वडापवालासुद्धा इंजिन सुरू करून, खाली वाकून, बोटाला तेल लावून पाहिल्याशिवाय विसार देत नाही.

याच सुमारास मुंबईत दुसरी एक घटना घडत होती. के. सी. महिंद्र हे युद्धकाळात वॉशिंग्टन येथे हिंदुस्थानच्या पुरवठा शिष्टमंडळाचे प्रमुख होते; तेथे त्यांनी जीप जवळून पाहिली होती. १९४५ साली त्यांनी, त्यांचे बंधू जे. सी. महिंद्र यांनी आणि मलिक गुलाम महंमद यांनी मिळून ‘महिंद्र अँड महंमद’ ही पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली. फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये पेढीच्या नावातील ‘महंमद’च्या जागी दुसरे ‘महिंद्र’ आले. फाळणीने किती घरे, किती शेते, किती मैत्र्या वाटून टाकल्या याची मोजदाद होते. एका पेढीच्या पाटीवर तिने केलेली ही खाडाखोड मला त्या मोठ्या वृत्तांताइतकीच बोलकी वाटते. पुढे या पेढीने माझगावला विलिस जीपचे सुटे भाग आणवून ते जोडण्यास प्रारंभ केला. पहिली तुकडी ७५ गाड्यांची होती. हळूहळू सुटे भाग येथेच बनू लागले आणि १९५३ साली अमेरिकेत निघालेला उंच बॉनेटचा नमुना आपल्याकडची ‘जीप’ म्हणून रूढ झाला.

या आयात वंशाची एक खूण कित्येक वर्षे पुसली गेली नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या आपल्या देशात जीपचे सुकाणूचक्र डाव्या हातालाच राहिले. मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी पाटी रंगविलेली जीप आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढील सर्वांनी पाहिली असेल. घाटात पुढच्या लॉरीला ओलांडावयाचे तर चालकाला समोरचे काहीच दिसत नाही. उजवीकडे बसलेल्या माणसाने मान बाहेर काढून ‘चल’ म्हणावयाचे, आणि त्या एका शब्दावर सर्वांचे प्राण! चोरल्याच्या घाटात हे काम मी लहानपणी पुष्कळदा केले आहे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजनेची पहिली ५५ केंद्रे सुरू झाली. त्या दिवसापासून जीप ही खेड्यात सरकारची मूर्ती झाली असे म्हणावयास हरकत नाही. तोवर सरकार म्हणजे घोड्यावरचा मामलेदार किंवा पायी फिरणारा तलाठी होता. आता ते धूळ उडवीत येऊ लागले आणि बहुधा संध्याकाळच्या आत परत जाऊ लागले. जीप आल्याने साहेब खेड्यात अधिक वेळा येऊ लागला. जीप आल्याने तो खेड्यात मुक्काम करीनासा झाला. हिवतापाची फवारणी, देवीची लस, निवडणुकीच्या पेट्या, दुष्काळी कामांची पाहणी, सारे तिच्यावरून आले. तशीच जप्तीची नोटीस आणि बंदोबस्ताचे पोलीसही तिच्यावरूनच आले. पोरे मात्र दोन्ही वेळा तिच्यामागे सारखीच धावत.

सरकारी सेवेतून निघालेल्या जीप लिलावात जात. तेथून त्यांचे तिसरे आयुष्य सुरू होई. कोल्हापूर-सांगलीकडे त्याला ‘वडाप’ म्हणतात. सहा माणसांच्या जागेत सोळा, टपावर बोचकी, मागच्या पायरीवर दोन कॉलेजकुमार. कायद्याने हे सारे निषिद्ध, आणि एस.टी. जेथे दिवसातून एकदा येते तेथे हे सारे अपरिहार्य. वडापचे गुणगान करावे असे मला वाटत नाही. घाटात उलटलेल्या वडापच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. पण डोंगराकडच्या एका पिढीतील मुलींचे हायस्कूल या गाडीमुळे पुरे झाले, हेही तितकेच खरे आहे. माझ्या वर्गात त्यांच्यापैकी काही जणी होत्या.

आता गळतीकडे येतो. आमच्या घरची जीप १९६८ सालची. माझ्या थोरल्या काकांनी ती सरकारी लिलावात घेतली आणि गेली एकोणीस वर्षे ती माझ्याकडे आहे. जीप गळते म्हणजे नेमके काय होते, हे सांगावयास मी आता पुरेसा अधिकारी झालो आहे.

पहिली गळती इंजिनाच्या मागच्या टोकाची. तेथे फिरता दांडा इंजिनाच्या पोटातून बाहेर पडतो. त्या पिढीच्या इंजिनांत या जागी आजच्यासारखे रबरी सील क्वचितच असे. दोरीसारखी एक वळकटी दांड्याभोवती आवळून बसविलेली असे. वळकटी नवी असेतो ठीक. ती झिजली की तेल थेंबथेंब मागे सरकते. दुसरी गळती ताकद चारही चाकांना वाटून देणाऱ्या पेटीची, जिला गॅरेजात ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. ही पेटी गिअर बॉक्सला पाठीशी चिकटलेली असल्याने एकीतले तेल हळूहळू दुसरीत उतरते. एक पेटी कोरडी पडते, दुसरी ओसंडते, आणि तेलाची काडी पाहणाऱ्याला वाटते की सर्व क्षेम आहे. शिवाय या पेट्यांना श्वास घेण्यासाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की तापलेली हवा कोंडते आणि जेथे वाट मिळेल तेथून तेलाला बाहेर ढकलते. कित्येक मालक सीलमागून सील बदलीत राहतात, आणि दोष असतो तो एका काडीने साफ होणाऱ्या छिद्राचा! तिसरी गळती पुढच्या चाकांच्या सांध्याची. तेथे मोठा गोल लोखंडी गोळा असतो व त्याभोवती नमद्याचे कडे. चिखल आणि वाळू त्या नमद्याला खातात, मग ग्रीस पातळ होऊन टायरच्या आतल्या अंगावर उतरते.

सर्वांत वाईट चौथी. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर पेटीच्या मागे, मधल्या दांड्यावर एक लहान ढोल असतो, त्यावर तो असतो. पेटीचे मागचे सील गळाले की तेल नेमके त्या ढोलात जाते. मग हातब्रेक ओढा अथवा न ओढा, सारखेच. म्हणून जुन्या जीपच्या मालकाजवळ किल्लीइतकीच आवश्यक दुसरी वस्तू असते. ती म्हणजे चाकामागे ठेवावयाचा दगड. आमचा दगड काकांच्या काळापासूनचा आहे.

वरून गळणाऱ्या पाण्याविषयी काय सांगावे? कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ताडपत्री ही केवळ समजूत आहे हे ठाऊक आहे. जीपच्या आखणीकारांनाही ते ठाऊक असावे, कारण आत आलेले पाणी बाहेर जावे म्हणून त्यांनी तळाच्या पत्र्यात भोके ठेवली होती. पाणी येणारच हे गृहीत धरून त्याला वाट करून देण्याची ही रीत आपल्या कौलारू घरांहून वेगळी नाही.

बेळगावच्या ज्या मिस्त्रींकडे ही जीप माझ्या आधीपासून जाते, ते आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. प्रारंभी मी दर महिन्याला त्यांच्याकडे तक्रार घेऊन जात असे. एकदा त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “मास्तर, गळूं दे की. गळतंय म्हणजे आत तेल हाय. ज्या दिवशी गळायचं थांबंल त्या दिवशी माझ्याकडं धावत या.” हा विनोद जगातील सर्व जुन्या गाड्यांच्या गॅरेजांत चालतो, हे मला पुढे कळले. पण त्यात तथ्य आहे. जीपची इंग्रज चुलत बहीण जी लँड रोव्हर, तिच्या फ्लायव्हीलच्या कवचाला तळाशी एक भोक मुद्दाम उघडे ठेवलेले असते. मागच्या सीलमधून आलेले तेल क्लचवर साचू नये, ते खाली पडावे, यासाठी ते आहे. खोल पाण्यातून गाडी न्यावयाची असेल तेवढ्यापुरते त्यात बूच बसवावयाचे, आणि पाणी ओलांडताच काढून ठेवावयाचे. बूच तसेच राहिले, जमीन कोरडी दिसली, म्हणून जो समाधान पावेल त्याचा क्लच पुढच्याच चढावर घसरेल.

लँड रोव्हरचा उल्लेख आलाच आहे तर तिचेही कुळ सांगितले पाहिजे. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँगलसी बेटावर शेती होती आणि शेतीवर युद्धातली एक जुनी विलिस जीप. ती मोडली की तिच्याजागी घ्यावी अशी दुसरी गाडी इंग्लंडात नव्हती. तेव्हा १९४७ मध्ये त्यांनी जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना उभा केला. पोलादाचे नियंत्रण होते, म्हणून पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा वापरला. ३० एप्रिल १९४८ रोजी ती अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली गेली. दोन-चार वर्षे निर्यातीचे पैसे मिळवून द्यावेत एवढ्यासाठी काढलेल्या त्या गाडीची परंपरा सॉलिहलच्या कारखान्यात २९ जानेवारी २०१६ पर्यंत अखंड चालली. तोवर, म्हणजे २००८ पासून, कारखाना टाटांच्या मालकीचा झाला होता. दार्जिलिंगजवळ मानेभंजांग येथे १९५० च्या दशकातील लँड रोव्हर अजूनही सांदकफूच्या चढावर, ३६३६ मीटर उंचीपर्यंत, प्रवासी नेताना पाहावयास मिळाल्या आहेत. चहामळ्यांच्या साहेबांनी मागे सोडलेल्या या गाड्यांतील कित्येकींच्या पोटात आता आपल्या देशी बनावटीची डिझेल इंजिने आहेत.

आणि येथेच या इतिहासातील खरा पेच उभा राहतो.

मूळ विलिस इंजिन पेट्रोलवर चाले, आणि चांगलेच पिई. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलची जीप पोसणे शेतकऱ्याला आणि वडापवाल्याला अशक्य झाले. कारखान्यानेही पुढे डिझेलच्या जीप काढल्या. पण ज्यांच्याजवळ जुन्या होत्या त्यांनी काय करावे? त्यांनी मिस्त्रीला विचारले. मिस्त्रीने ट्रॅक्टरच्या वंशातले, मॅटाडोरचे, जे मिळेल ते डिझेल इंजिन आणले, बैठक बदलली, जोडपट्टी लेथवर कातून घेतली, आणि गाडी चालू केली. जुने वाकडे-तिकडे काम मीही पाहिले आहे, नाही असे नाही. परंतु बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात हे काम बहुधा चोख झाले, आणि त्याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले तेव्हापासून या भागात लोखंड कातणाऱ्या, ओतणाऱ्या हातांची परंपरा आहे. आज उद्यमबागेत फिरता दांडा घासून देणारा, बुश कातून देणारा माणूस हाकेच्या अंतरावर सापडतो. कारखान्याने जो भाग बनविणे केव्हाच सोडले, तो येथे एकटा-दुकटा बनतो. आमच्या जीपचे इंजिन १९८० च्या दशकात काकांनी असेच बदलून घेतले, आणि नोंदणीपुस्तकात तशी रीतसर नोंद करविली.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. जुन्या वाहनांचा वारसा सांभाळावा हा त्यांचा हेतू चांगलाच आहे. वयाने आमची जीप त्यात बसते. पण वाहन मूळ रूपात असले पाहिजे, सांगाडा, पत्रा अथवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. आणि अशी नोंदणी झालेले वाहन प्रदर्शन, मेळावा, इंधन, दुरुस्ती अशा कारणांखेरीज रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणावयाचे नाही. म्हणजे जी जीप १९७३ साली परवडेनाशी होऊन कोठारात गंजत पडली, ती आज वारसा ठरेल. आणि जिला मिस्त्रींनी तीन पिढ्या चालू ठेवले, ती ठरणार नाही. ज्या दुरुस्तीने ती जगली तीच तिच्या आड येते. आपली जुनी चर्चे, जुनी देवळे घ्या. दर काही वर्षांनी त्यांची शाकारणी होते, वासे बदलतात, कौले तर किती वेळा परतली असतील. म्हणून ती जुनी नाहीत असे कोणी म्हणत नाही. इतिहासाच्या शिक्षकाला हा नियम पटत नाही, तो एवढ्यासाठी.

राहता राहिला साधा मार्ग. दर पाच वर्षांनी तपासणी करून घेऊन नोंदणीचे नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ रोजी पंधरा वर्षांवरील मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये करण्यात आले. जुन्या गाड्या धूर अधिक सोडतात, त्यांच्यावर भार टाकावा, यात सरकारचे चुकते असे मी म्हणणार नाही. वर्गात मुलांना हवेविषयी धडे देणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही. आमची जीप महिन्यातून चार-पाच वेळा निघते. जांबोटीपलीकडे ओढा चढला की रविवारी मिस्सेसाठी फादरांना पलीकडच्या वाडीवर तीच पोहोचविते. या एकोणीस वर्षांत दोन बाळंतिणी आणि एक सर्पदंशाचा रोगी तिने खानापूरपर्यंत वेळेत आणला. नवी गाडी घ्यावी असे घरात अनेकदा निघते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्या ओढ्यात उतरवावयाची नवी गाडी माझ्या पगाराच्या आवाक्यातली नाही, आणि आवाक्यात आहे ती त्या ओढ्यात उतरत नाही.

काळजी आहे ती दुसरीच. मिस्त्रींची दोन्ही मुले आखातात वातानुकूलन यंत्रांचे काम करतात. गॅरेजात असलेला पोरगा संगणक जोडून दोष सांगणाऱ्या गाड्या शिकतो आहे, आणि त्याचे बरोबरच आहे. जीपचा दोष कानाने, नाकाने आणि बोटाने ओळखावा लागतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक वही घेऊन मिस्त्रींच्या शेजारी बसू लागलो. ते सांगतात, मी लिहितो. कोणता आवाज कोणत्या दाताचा, कोणते तेल काळे व कोणते जळलेले, कोणता बोल्ट उलट्या आट्यांचा. आतापर्यंत साठ पाने झाली आहेत. त्यांना या प्रकाराचे हसू येते. “चाचा, मागचं सील बदलताना आधी काय काढायचं?” असे मी विचारले की ते म्हणतात, “आधी घड्याळ काढून ठेवायचं, मास्तर.”

आमच्या नोंदणीची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. त्यापूर्वी ट्रान्स्फर पेटी उतरवावयाची आहे. तिच्या मागच्या योकवर सीलने इतकी वर्षे घासून खाच पाडली आहे, त्यामुळे नवे सील बसविले तरी तेल त्या खाचेतून वाट काढते. योकवर उद्यमबागेतून स्लीव्ह चढवून आणावयाची, श्वासाचे छिद्र साफ करावयाचे, आणि ढोलातील ब्रेकचे पट्टे नवे घालावयाचे, असे ठरले आहे. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की काम सुरू होईल. एवढे केले म्हणजे तपासणीच्या दिवशी हातब्रेक धरील, अशी मिस्त्रींनी खात्री दिली आहे. गळती थांबेल असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही.